प्रार्थनेच्या वेळी किंचाळणारी बस

लाफाएलेच्या शेडला भिंती नाहीत. निरफणसाच्या झाडाखाली चार खांब, वर पत्रा आणि सगळीकडे जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांचे रेडिओ. त्या रेडिओंवर आमच्या बेटाची स्टेशनं लागत नाहीत. म्हणून बंदरात गाडी उतरली की आधी रेडिओ बदलून घ्यायला लाफाएलेकडे येते, मग मालकाच्या घरी जाते. मी शेजारीच राहते, त्यामुळे त्याची काम करायची तऱ्हा रोज बघते. काय बिघडलं, असं तो कधीच विचारत नाही. तो विचारतो, कधी बिघडतं?

त्या सकाळी तानिएलू आपली बस घेऊन आला तेव्हाही त्याने तेच विचारलं. तानिएलू आमच्या मार्गावरचा ड्रायव्हर, पंचविशीतला. इथे लोक बसमध्ये चढतात ते गाणी ऐकून, त्यामुळे त्याची बस कायम भरलेली. पण आज त्याचा चेहरा पडला होता.

"काका, संध्याकाळी किंचाळते. फालेलुआ गावात शिरलो की. नेमकं 'सा'च्या वेळी."

सा म्हणजे सांजेची प्रार्थना. शंख वाजला की घराघरात माणसं बसतात, गावचे तरुण रस्त्याच्या कडेला रांगेने पहारा देतात. गाडीने हळू जायचं आणि आवाज करायचा नाही. मी देवापुढे दिवा लावते तीच ती वेळ, म्हणून मलाही ती शांतता आपली वाटते.

"तू रेडिओ चालू ठेवत असशील," लाफाएले म्हणाला.

"बंद असतो! बायबलवर हात ठेवून सांगतो."

"मग ओरडतं कोण? पाद्री?"

"तुम्ही पण चेष्टा करा. गावच्या प्रमुखाने, वाएलुआ म्हाताऱ्याने, सांगितलंय, अजून एकदा ओरडली तर बस गावाच्या वेशीवरच अडवणार. अख्खा मार्ग त्या गावातून जातो. मालक मला ठेवेल का? आणि गाव मला खोटारडा म्हणतंय ते वेगळंच."

लाफाएलेने कोकोचा पेला खाली ठेवला. बस चालू केली, रेडिओ लावला. गाणं खणखणीत. रेडिओ बंद केला. चिडीचूप. इंजिनाला रेस दिली, तरी काही नाही. तानिएलू रडकुंडीला आला. "बघा, आता तुम्हीही म्हणणार पोरगा खोटं बोलतो."

"गप रे. सा सुरू झाला की तू काय काय करतोस? सगळं करून दाखव. काही गाळायचं नाही."

"टोपी पण काढू?"

"काढ. कोणाला ठाऊक!"

तानिएलूने टोपी काढून मांडीवर ठेवली. रेडिओ बंद केला. मग सवयीने हात खाली गेला आणि हेडलाइट लागले. सांज झालेली असते ना! गाडी हळू न्यायची म्हणून त्याने खालचा गिअर टाकल्यासारखं करून रेस दिली.

मागच्या स्पीकरमधून बारीक शीळ निघाली. रेस वाढली तशी चढत गेली, आणि कोंबड्या पळाल्या.

"ही! हीच!" तानिएलू ओरडला, जणू हरवलेली बहीण भेटली.

लाफाएलेचे डोळे चमकले. त्याने हेडलाइट बंद केले, शीळ गेली. लावले, आली. मग एक जाड वायर घेतली. एक टोक सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावलं, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. शीळ थांबली. वायर काढली की परत.

"अर्थिंग," तो म्हणाला. "दिवे लागले की वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर भार येतो. अर्थिंग पक्कं नसलं की त्याची कुरकुर स्पीकरमधून बाहेर पडते."

पण अर्थिंगचा बोल्ट तर घट्ट होता, गंजही नव्हता. त्याने तो खोलला, आणि तिथेच उकिडवा बसून राहिला. बोल्टखालचा पत्रा पांढराशुभ्र होता.

गेल्या महिन्यात मुलांचा पांढरा रविवार नावाचा सण झाला. त्या दिवशी मुलं, घरं, बाकं सगळं पांढरं हवं असतं. चर्चच्या मंडळींनी ही बसही रंगवली होती. एकही ठिपका जुना राहू नये म्हणून तिचा प्रत्येक बोल्ट सोडवून खाली ब्रश फिरवला होता. मी तेव्हा त्यांना लिंबाचं सरबत दिलं होतं. बोल्ट सोडवणारा माणूस लाफाएलेच होता. वीज अडवणाऱ्या त्या रंगावरच त्याने वायर आवळून टाकली होती.

"आणि रेडिओ बंद असताना अ‍ॅम्प्लिफायर चालू कसा?" मी विचारलं.

"तेही मीच, ताई. त्याच्या चालूबंदची वायर रेडिओला जोडायची, मी आळसाने गाडीच्या किल्लीला जोडली. गाडी चालू की तोही चालू." तो पॉलिश पेपरने पत्रा घासू लागला. खालून चकचकीत लोखंड दिसलं.

संध्याकाळी तोही बसमध्ये बसला, आणि मीही. फालेलुआच्या वेशीवर शंख वाजला. टोपी निघाली, रेडिओ बंद झाला, दिवे लागले. पहाऱ्यावरच्या पोरांनी माना वळवल्या. शीळ नाही. खिडकीतून घराघरातलं स्तोत्र आत आलं, आणि मी हात जोडले.

शेवटचा शंख झाल्यावर वाएलुआ काठी टेकत बसपाशी आला. लाफाएलेने खाली उतरून सगळं सांगितलं, रंगाचं आणि किल्लीचंही.

"म्हणजे हा पोरगा रोज रेडिओ बंद करत होता?"

"बंद करत होता म्हणूनच ऐकू आलं. चालू ठेवला असता तर गाण्यात दबून गेलं असतं."

म्हाताऱ्याने काठीने खुणावून तानिएलूला खाली बोलावलं. "पोरा, उद्या प्रार्थनेनंतर जेवायला ये. गावासमोर माझ्या शेजारी बसायचं." मग लाफाएलेकडे वळला. "आणि दंड तुला. चर्चचा स्पीकर खरखरतो. तो नीट करून दे."

लाफाएलेच्या चेहऱ्यावर दंड झालेल्या माणसासारखं काहीच दिसेना. तो म्हाताऱ्याच्या आणखी जवळ सरकला.

"कधी खरखरतो? प्रवचनात, की गाण्यात?"