हिंगाच्या डबीतली पावडर

नागपुरात झाडं लावणारे पुष्कळ झाले, पण लावता लावता इतकी झाडं मारणारा माझ्या थोरल्या साडूंसारखा दुसरा झाला नाही. निवृत्तीनंतर त्यांना औषधी झुडपांच्या छाट कलमांचं वेड लागलं. अडुळसा, निर्गुडी, मेंदी. कुणाच्याही कुंपणावरून फांदी कापायची, पेराखाली तिरका छेद द्यायचा, टोक मुळ्या फुटायच्या पावडरीत बुडवून वाळूत खोचायचं. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. पुढे मात्र रोज सकाळी चहाआधी प्रत्येक काडी उपटून चष्म्याजवळ धरायची. "काहून नाही फुटून राह्यली गा?" की पुन्हा वाळूत. काड्या आठवड्यात वाळत. दोष पावडरीचा, वाळूचा, उन्हाचा. साडूंच्या बोटांचा कधीच नाही. महिनाभर हात लावू नये, असं छापलेलं पान मी त्यांना दाखवलं. "पुस्तकवाल्याचं काय जाते? काडी त्याची हाय काय?"

ती पावडर ते हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवत. त्यांच्या पत्नीने, आमच्या ताईंनी, एकदा ती फोडणीत घातली आणि ते वरण मी जेवलो. पुढचे चार दिवस साडू माझे तळवे तपासत होते. "फुटल्या काय गा मुळ्या? तुह्यावर तरी लागू पडली पाह्यजे!" ताई म्हणाल्या, "त्याले कायले पावडर लागते? पुस्तक घेऊन बसला का हालते कुठं तो?"

ताई गेल्या. वर्षभरात सोसायटीने पार्किंगसाठी फाटकाजवळचा, ताईंनी लावलेला अडुळसा तोडला. साडूंनी त्याच्या सहा फांद्या उचलून आणल्या. "हे लागलंच पाह्यजे गा," एवढंच बोलले. आणि नेहमीच्या पद्धतीने पाच मारल्या.

सहावी पाण्यात ठेवली होती; ती खोचली त्याच दिवशी छातीत दुखून ते धंतोलीच्या दवाखान्यात भरती झाले. खाटेवरून मला हुकूम : "रोज उपटून पाह्यत जाय. आळस नको करू." मी हो म्हटलं आणि काडीला बोटही लावलं नाही. रोज संध्याकाळी सांगत असे, "पाहिली. अजून नाही." त्यांचा चेहरा रोज थोडा उतरायचा. तिसऱ्या आठवड्यात मला ते पाहवेना. म्हटलं, "फुटल्या. पांढऱ्या, दोन."

"कितीक लांब?"

मी नखाएवढं माप दाखवलं.

"पाह्य! उपटल्याबिगर समजलं असतं काय तुले?"

त्यानंतर दोनच दिवस ते होते.

तो अडुळसा आता माझ्या खिडकीला लागला आहे. या हिवाळ्यात पांढरी फुलंही आली. सकाळी चहाआधी हात उगाच त्याच्या बुंध्याकडे जातो. मुळ्या मात्र मी अजून पाहिलेल्या नाहीत.