आक्कांनी उचललेला भंडारा

परवा आमच्या कॉलनीत निवडणुकीचा निकाल लागला, हलगी वाजायला लागली, रस्ता गुलाबी झाला... आणि मी, चाळिशी ओलांडलेली बाई, दाराला कडी लावून आत बसले. गुलालाचा वास मला आजही नको होतो.

त्याला कारण आहे नव्वदच्या दशकातली एक महापालिका निवडणूक आणि कोल्हापुरातली आमची जुनी गल्ली. मी तेव्हा नववीत होते.

आमच्याच गल्लीतले तात्या उभे होते, विरोधात मागच्या गल्लीतला एक जण. तोवर सगळे एकाच नळावर पाणी भरायचो, भांडायचो, संध्याकाळी पुन्हा बोलायचो. निवडणूक लागली आणि कोण कुणाच्या दारात उभं राहतंय यावर नजर सुरू झाली... आपण गेलो की कट्ट्यावरची माणसं गप्प व्हायची.

मतदानाआधी तात्या ताट घेऊन घरोघर निघाले. ताटात बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद. ती हातात उचलायची आणि 'मत तुम्हालाच' म्हणून शब्द द्यायचा. उचललेला भंडारा मोडला तर घरावर संकट येतं, या भीतीनं भले भले टरकतात.

शेजारच्या आक्कांनी सगळ्यांसमोर उचलला. आक्का म्हणजे दोन म्हशींची मालकीण, अर्ध्या गल्लीला दूध त्यांचंच, आणि आवाज असा की म्हशीच काय, माणसंही सरळ चालायची. त्या दिवशी मात्र अर्धा भंडारा त्यांच्या हातून खाली सांडला. मला वाटलं, वय झालं...

मग ताट आमच्या दारात आलं. आम्ही बौद्ध, घरात देवघरच नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर, चंदगडच्या गाडीत दिवसभर हुज्जत घालणारा माणूस, पण तेव्हा फार हळू बोलले.

"तात्या, मत द्यायला जाणार. पण हे आमच्यात न्हाई. ज्याला मानत न्हाई त्याची शपथ घेतली, तर ती खोटीच की."

तात्या हसले. त्यांच्या मागची पोरं हसली नाहीत.

दार लागल्यावर आई म्हणाली, "उचलला असता तर काय हात झडला असता?" अण्णा जेवलेच नाहीत.

त्यानंतरचे दिवस नको वाटतात आठवायला. नळावर आईची घागर कुणीतरी मागे सरकवायचं. पत्र्यावर मांजर उडी मारायचं आणि आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो.

निकाल लागला... तात्या थोडक्यात पडले.

भर दुपार होती. मागच्या गल्लीत हलगी कडाडत होती, वाऱ्यानं गुलाल आमच्या दारापर्यंत येत होता. आमच्या गल्लीत मात्र चिडीचूप. आणि मग तात्यांची पोरं आली.

"ओ कांबळे, भाईर या!"

कुणीतरी दारातली बादली लाथाडली. अण्णा शर्ट घालत होते, पण बटण काही लागेना. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुखत होतं, तरी मी सोडवून घेतलं नाही.

तेवढ्यात बाहेर आक्कांचा आवाज आला. आम्ही फटीतून पाहिलं, तर त्या आमच्या दाराला पाठ लावून उभ्या.

"त्यांनी भंडारा उचललाच न्हाई, तर मोडतील कुठनं? उचलला मी, आन् मोडला बी मीच! निवडून आलेला त्यो माझ्या म्हायेरचा माणूस हाय, त्याला दिलं मत. काय करायचं ते मला करा!"

मागे उभे असलेले तात्या पुढं आले, आक्कांकडे बघितलं आणि म्हणाले, "चला रं." आणि पोरं वळली.

अण्णांनी दार उघडलं, तर आक्का आमच्या पायरीवर मटकन बसलेल्या. पाय लटलट कापत होते. पोरांची भीती त्यांना नव्हतीच. आईचा हात धरून एकच विचारत होत्या, "सुमन, माझ्या लेकराबाळांचं आता कसं हुईल गं?"

आईनं आयुष्यात देव मानला नाही. तरी पुढच्या रविवारी ती आक्कांना खंडोबाच्या देवळात घेऊन गेली... आणि आक्का देवाची माफी मागून बाहेर येईपर्यंत पायरीवर बसून राहिली.

तात्यांच्या माणसांनी आक्कांचं दूध बंद केलं. एक म्हैस विकावी लागली. आमच्या घरी मात्र त्यांनी याचा कधी शब्द काढला नाही.

अण्णांनी मत कुणाला दिलं, हे आम्हालाही कधी कळलं नाही. कुणाला का दिलेलं असेना...

तर परवा कडी लावून बसले होते. समोरच्या नव्या भाडेकरूंच्या दारात मिरवणुकीतली पोरं थांबली, 'मत कुणाला दिलं?' म्हणून आवाज चढले, आतून एक लेकरू रडायला लागलं. मी उठले, कडी काढली आणि रस्ता ओलांडून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

पाय लटलट कापत होते. पण आक्का, तुमचे तरी कुठं थांबले होते...