दोन किल्ल्यांचं कपाट

चीनमधल्या वूशी शहरातल्या त्या पंपाच्या कारखान्यात कुणी "हुआताई कुठायत?" असं ओरडत आलं, की समजायचं, याला शिक्का हवाय. कंपनीचा गोल, लाल शिक्का हुआ पेइचन यांच्या ताब्यात असे. साहेबाची सही कितीही झोकदार असो, आमच्याकडे शिक्का उमटल्याशिवाय कागदाला जीव येत नाही. आणि एकदा उमटला, की साहेबानं नंतर कितीही डोकं आपटलं तरी कागद खराच.

कारखाना दोघांचा. डेन्मार्कच्या कंपनीनं पंपाचे नकाशे आणि यंत्रं आणली, आमच्या जुन्या कारखान्यानं जागा, माणसं आणि गिऱ्हाइकं दिली. करार करताना वकिलांनी एकेका शब्दाचा कीस पाडला, आणि गाडी अडली कुठं, तर शिक्का कुणी सांभाळायचा यावर! शेवटी दोन किल्ल्यांचं एक लोखंडी कपाट आलं. एक किल्ली आमच्या बाजूचा साहेब रोंग बाओलिन याच्या खिशात, दुसरी डेन्मार्कहून आलेल्या साहेबाच्या, हेनिंगच्या. दोन्ही लागल्याशिवाय कपाट उघडत नाही. सकाळी दोघांनी उघडून शिक्क्याची डबी हुआताईंच्या टेबलावर ठेवायची, संध्याकाळी पुन्हा आत. ताई रजेवर असल्या तर कपाटाला हात लावायचा नाही.

ताई दोघांनाही कशा चालल्या, हीच गंमत. रोंगला वाटलं, बाई जुन्या कारखान्यातली, म्हणजे आपली. पहिल्याच आठवड्यात ताईंनी रोंगचा अर्धवट कागद सगळ्यांदेखत परत केला, तेव्हा हेनिंगला वाटलं, ही आपली. ताईंनी दोघांचाही गैरसमज दूर केला नाही. त्यांचं खरं काम शिक्का मारणं नव्हतंच. या दोघांचा संसार टिकवणं होतं. रोंग "बघू या" म्हणाला, की हेनिंग बिचारा आठवडाभर वाट बघत बसे. "अहो, ते नाही म्हणालेत," ताई त्याला बाजूला घेऊन सांगत. आणि हेनिंग भर बैठकीत तोंडावर "नाही" म्हणाला, की लालबुंद झालेल्या रोंगच्या पुढ्यात चहा ठेवत, "त्यांच्याकडे असंच बोलतात हो, मनात काही नसतं त्यांच्या."

पण त्या उन्हाळ्यात चहानं भागेना. ऑर्डरी घटल्या होत्या. दोघं एका टेबलावर जेवेनासे झाले. एके दिवशी दुपारी रोंगनं ताईंच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"पेइचन, उद्या एवढ्या एका कागदावर शिक्का मार. आपल्या पाहुण्याला सांगत बसू नकोस."

ताईंनी वाचलं. कंपनीचे नकाशे रोंगच्या मेहुण्याच्या कारखान्याला द्यायचे आणि तिथं स्वस्तातला पंप काढायचा, असा तो कागद होता.

तो गेला नाही तोच हेनिंग आला. मोडक्यातोडक्या चिनीत म्हणाला, "हुआताई, मला फार वाईट वाटतंय. पण उद्या यावर शिक्का. रोंगना नंतर मीच सांगेन." भागीदारी संपली, नकाशे परत, असं त्यात लिहिलेलं.

यातल्या कुठल्याही कागदावर शिक्का पडला, की कारखान्याला कुलूप आणि तीनशे घरं उघड्यावर. पुढच्या वर्षी ताई निवृत्त होणार होत्या. ज्या घडीसाठी इतकी वर्षं दोघांची बोलणी पोटात घातली, तीच आपल्या हातानं मोडायची? त्यांना रडू आलं. मग रडून झाल्यावर युक्ती सुचली.

संध्याकाळी डबी नेहमीसारखी कपाटात गेली. सकाळी ताईंचा निरोप आला: "यांगशानला वडिलांच्या बागेत पीच तोडायला जातेय. शिक्क्याची काळजी नको, सुरक्षित आहे."

बस! दहा वाजेपर्यंत कारखानाभर झालं, की ताईंनी डबी रिकामीच ठेवली आणि शिक्का पिशवीत घालून नेला. खरंखोटं बघायला कपाट उघडायला हवं, त्याला दुसऱ्याची किल्ली हवी, आणि ती मागावी तर दुसरा विचारणार, "आज कशाला हवीय?" दोघांनीही आपापली किल्ली खिशातच ठेवली.

दुपारी रोंग कागद खिशात घालून यांगशानच्या बागेत हजर. तो घाम पुसतोय तोवर हेनिंगची टॅक्सी आली.

"तुम्ही इकडे?" रोंग म्हणाला.

"पीच घ्यायला. आणि तुम्ही?"

"मीपण... पीचच."

"मग उभे का? बसा की!" हुआताईंच्या म्हाताऱ्या वडिलांनी दोन बुटकी स्टुलं सरकवली आणि पीचची परात पुढं ठेवली. हेनिंगनं सुरी मागितली.

"सुरी? अरे, मटण आहे का ते? साल काढ, वाक आणि रस ओढ! पेइचन, हा गोरा पोरगा उपाशी मरेल गं तुमच्याकडे!"

यांगशानचा पिकलेला पीच रुबाब सांभाळून खाताच येत नाही. दोन्ही साहेब गुडघ्यांत वाकले, रस कोपरापर्यंत ओघळला, टाय कधीच सुटले. ताई समोर बसून शांतपणे साली काढत होत्या.

"आता बोला," त्या म्हणाल्या. "नाहीतर दोघांच्या खिशात काय आहे ते मी सांगते."

रोंगनं मान खाली घातली. "बाजारात अर्ध्या किमतीचे पंप आलेत. गिऱ्हाईक जातंय. हे तुमच्यापुढं कबूल करायची लाज वाटली मला."

हेनिंग हातातला पीच विसरला. "मला वाटलं, नकाशे पळवताय. अहो, स्वस्त पंप मलाही हवाय! निम्मे भाग काढून टाकता येतात त्यातले. पण आपल्याच कारखान्यात."

मग काय, दोघं चिकट बोटांनी स्टुलावरच पंपाचं चित्र काढायला लागले. उन्हं उतरली तरी वाद संपेना. पण तो वाद वेगळा होता, आणि ताईंना तो ऐकताना फार बरं वाटत होतं.

"साली टाकायला कागद द्या रे कुणीतरी," म्हातारा ओरडला. आधी रोंगनं खिशातला काढला. त्याच्याकडे बघत हेनिंगनंही. म्हाताऱ्यानं दोन्ही कागद एकावर एक अंथरले आणि त्यावर साली ओतल्या.

"पेइचन, दे बाई आता तो शिक्का," रोंग उठत म्हणाला. "उद्या सरळ नवा कागद करू."

"माझ्याकडे कुठाय? कपाटातच आहे."

उठलेला रोंग पुन्हा स्टुलावर बसला.

"डबीतून बाहेर काढलाच नाही मी. किल्ल्या तुमच्याच खिशात होत्या. एकमेकांकडे मागितल्या असत्या, तर एवढ्या उन्हात यावं लागलं नसतं."

आधी हेनिंगला हसू फुटलं, मग रोंगला, इतकं की म्हाताऱ्यालाही काही न कळता हसू आलं. रोंगनं खिशात हात घालून आपली किल्ली काढली, रसानं माखलेली, आणि हेनिंगच्या तळहातावर ठेवली. हेनिंगनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आपली त्याला दिली.

ताईंनी चटकन तोंड फिरवलं आणि परात उचलून विहिरीकडे गेल्या. डोळे भरून आले होते, आणि ते या दोघांना दाखवायचे नव्हते.