तोडलेल्या निंबाची सावली

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी तिथून उठून जाते. भीती वाटते म्हणून नाही, खोट्या वाटतात म्हणून. तरी हे लिहून ठेवते आहे... बोलून दाखवायला मला जमत नाही.

पांढुर्ण्यात सावरगावच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक जुना निंब होता. त्याच्या बुडाशी माझ्या सासूबाई भाजी विकायच्या – पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. रस्ता रुंद करायचा निघाला आणि दिवाळीनंतर निंब तोडला. बुंधा खणून काढला, खड्डा बुजवला, आणि तिथेच नवीन रोप लावलं, भोवती लोखंडी जाळी. अशी रोपं रस्ताभर लागली. टँकरमागे पाइप घेऊन त्यांना पाणी घालायचं काम मला मिळालं. वाळलेलं उपटून दुसरं लावायचं, तेही मीच करायचे.

आत्याबाईंनी जागा सोडली नाही. उन्हाळा लागला, डांबर पायाला चिकटायला लागलं, तरी त्या पोतं अंथरून तिथेच.

"आत्याबाई, झाड तोडलं न. उन्हात काऊन बसता?"

"तोडलं ते मले ठाऊक हाये. मी का आंधळी आहो?"

"मंग?"

"सावली हाये न इथं. तुले का तिचं भाडं द्या लागते?"

माझ्या नवऱ्याने छत्री नेऊन दिली. ती त्यांनी परत पाठवली. म्हणाल्या, पाणी येईन तवा आण.

मला एकच धास्ती – ही म्हातारी एक दिवस उन्हाने जाणार. दुपारी त्या बाजूला टँकर गेला की मी आधी त्यांच्याकडे बघायचे. एकदा पाइप खाली ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसले. आणि मला गार वाटलं.

नीट सांगते. माझी सावली समोर जमिनीवर स्पष्ट पडली होती, म्हणजे ऊन होतंच. पण पाठीला ते लागत नव्हतं. सांबाराच्या जुड्या सकाळसारख्या टवटवीत. दोन पावलं बाजूला झाले तर डोकं तापलं. परत आत आले तर गार... आत्याबाई माझ्याकडे बघून हसल्या फक्त.

त्यानंतर सुपरवायझर रोपं बघायला आले. बाकीची ठेंगणी, दाट पानांची झाली होती. आमच्या जागेवरचं मात्र लांबट, फिक्कट, पानं दूर दूर, आणि पूर्ण रस्त्याकडे झुकलेलं.

"हे सावलीतलं रोप दिसून राह्यलं," ते म्हणाले. "मोठ्या झाडाखाली काऊन लावलं बाई?"

असं म्हणून त्यांनी वर पाहिलं. वर मोकळं आभाळ होतं. ते थोडा वेळ तसेच मान वर करून उभे राहिले, मग म्हणाले, "बदलून टाक."

मी बदललं. पावसाळा गेला, थंडी गेली. दुसरंही तसंच निघालं – फिक्कट, रस्त्याकडे झुकलेलं. मग मी त्याला हात लावला नाही. मला उलट बरं वाटायचं. ते वाकडं आहे तोवर आत्याबाईंच्या डोक्यावर काहीतरी आहे, असं मी धरून चालले होते. छत्रीचा विषय मीच घरात बंद केला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी टँकरवरून उतरले तेव्हा जुड्या माना टाकून पडल्या होत्या. आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला होता. दोन उन्हाळ्यांत तो तिथे त्यांच्या डोक्यावर मी कधी पाहिला नव्हता.

"सूनबाई, ऊन लागून राह्यलं व."

"आत्ता?"

"सकायपासून. मले वाटलं सावली येईन परत. घरी ने मले."

हात भाजत होते त्यांचे. ऑटोत त्या माझ्या मांडीवर आडव्या झाल्या. दवाखान्यात म्हणाले, ऊन लागलं, उशीर झाला. संध्याकाळपर्यंत त्या गेल्या. नवरा म्हणाला, "मी छत्री आणली होती."

तेरवी झाल्यावर कामावर गेले. रोपाच्या शेंड्याला नवी पानं फुटली होती, हिरवीगार, आणि शेंडा सरळ वर निघाला होता. आता चांगलं माझ्या उंचीचं झालं आहे. कमरेपर्यंत खोड वाकडं, तिथून वर सरळ. सुपरवायझरांनी त्याचा फोटो काढला. म्हणाले, "जमलं आता याले."

निंब तोडल्यावर दोन उन्हाळे ती सावली कुठून येत होती, आणि त्या दिवशी का निघून गेली, मला समजलेलं नाही. दुपारी मी तिथे उभी राहून पाहते. ऊनच लागतं. मग रोपाला पाणी घालते आणि टँकरवाल्याला पुढे घे म्हणून सांगते.