चौथ्या गाण्यातली उडी

आमच्या अमळनेरच्या बँड पार्टीत दोन गोष्टी आपोआप साचतात: ट्रम्पेटमध्ये थुंकी आणि डोक्यात किस्से. थुंकी झटकून टाकता येते. किस्से निघत नाहीत, म्हणून सांगतो.

*

पुण्याच्या मावसभावानं मला एका इंग्रजी रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांची जुनी सीडी दिली. आमचे मास्तर आबा, क्लॅरिनेटवाले. कुठलंही गाणं कानानं उचलतात. म्हणाले, "बठ्ठा हिट शेतस का?"

"हो आबा, सगळीच. निवडून काढलेली."

"मंग बठ्ठाच बसाडूत."

आणि पंधराच्या पंधरा बसवली!

*

दोंडाईच्याला आम्ही तिसरं गाणं धरलं. ते जरा उदास आहे. नवरदेव अजून मांडवात यायचा होता आणि नवरीची आई हुंदके द्यायला लागली. मी घाबरून ताशा थांबवला. आबांनी डोळे वटारले.

"रडू दे तिले. गाणं हिट शे."

*

चौथ्या गाण्यात सीडीवर ओरखडा होता. तिथे गाणं अडखळून दोन ओळी पुढे जायचं. आबांना वाटलं, चालच तशी आहे. त्यांनी ती उडीही पक्की बसवली. मला खरं कळलं होतं, पण आबांना सांगणार कोण? पुढे तर एरंडोलपर्यंतच्या वराती त्या जागेवर बरोबर उडी मारून नाचायला लागल्या.

*

यंदा सगळी लग्नं डीजेनं पळवली. धुळ्याची एक वरात तेवढी हाताशी होती. ती गेली तर बँड बंद, असं आबांनी सांगून टाकलं होतं. नवरदेव पुण्याला इंजिनियर, नेमका त्याच इंग्रजी बँडचा वेडा. ट्रायल ऐकायला स्वतः आला. चौथ्या गाण्यात आमची उडी झाली आणि त्यानं हात वर केला.

"आबा, मधल्या दोन ओळी गेल्या."

त्यानं मोबाईलवर मूळ गाणं लावलं. ओरखड्याचं आधीच सांगायला हवं होतं, असं फार वाटलं. आबांनी मोबाईल कानाशी धरला, डोळे मिटले, शेवटपर्यंत ऐकलं आणि परत दिला.

"या पोरे ग्वाड वाजाडतस. पण उडी माराले घाबरतस."

नवरदेव हसत सुटला. मग सुपारी देऊन गेला.

वरातीत त्याचे पुण्याचे मित्र आले होते. चौथं गाणं सुरू झालं तसे सगळे गळा फाडून गायला लागले. आम्ही उडी मारली, ते मागे राहिले.

नवरदेव घोड्यावरूनच मागे वळून ओरडला, "अरे, चुकताय तुम्ही! उडी मारा!"