वाकड्या ओळी

बाबांच्या ई-बुक रीडरमधल्या फाइल्स लावायचं काम माझ्याकडे होतं. रविवारी सकाळी मी कामोठ्याहून लॅपटॉप घेऊन पनवेलला जायचे. बाबा मिठागरवाल्यांच्या घरातले. त्या घरात पुस्तक विकत घेणारा पहिला माणूस तेच. आयुष्य एसटीच्या डेपोत गेलं आणि वाचन राहून गेलं. निवृत्तीनंतर ते तहानल्यासारखे वाचत सुटले होते. उजवा डोळा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त डाव्यावर. म्हणून मी त्यांना अक्षर मोठं करता येणारा रीडर आणून दिला. पण मिळेल तिथून फाइल्स घेऊन ते त्यात कोंबायचे. एकाच पुस्तकाच्या चार प्रती, नावाच्या जागी नुसते आकडे. मी नावं बदलायचे, दुबार प्रती पुसायचे, इतिहास, प्रवास, रहस्यकथा असे कप्पे करायचे.

एका रविवारी ते म्हणाले, "या पुस्तकाच्या ओळी वाकड्या हायत गो. जरा सरळ कर."

मी बघितलं नाही. त्यांच्याकडची निम्मी पुस्तकं कुणीतरी घाईघाईत स्कॅन केलेली, तिरकी पानं नेहमीचीच. "चांगली फाइल शोधते," म्हटलं आणि शोधून रीडरमध्ये टाकली.

पुढच्या रविवारी तेच. "ही पण वाकडीच हाय." मी फाइलचा प्रकार बदलला, फॉन्ट बदलला, रीडर बंद करून चालू केला. थोडी चिडलेही. "बाबा, तुम्ही काहीतरी दाबता आणि बिघडवता."

तिसऱ्या रविवारी मी कप्पे तपासायला घेतले, तर 'नंतर' नावाचा एक नवा कप्पा दिसला. बाबांनी स्वतः केलेला. त्यांना हे जमतं याचं कौतुक वाटून मी तो उघडला. चाळीसेक पुस्तकं आत ढकललेली होती. अर्धवट वाचलेलीही होती त्यात.

"हे काय? ही सगळी का बाजूला काढलीत?"

"सगळ्यांच्याच ओळी वाकड्या. तुला तरी किती सांगू?"

मी त्यातलं एक पुस्तक उघडलं. पान स्वच्छ होतं. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. ओळी पट्टीनं आखल्यासारख्या सरळ.

"बाबा, कुठे वाकडी आहे, दाखवा."

त्यांनी पानाच्या मधोमध बोट ठेवलं. "हितं. ओळ येते आणि खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते. मधली अक्षरं दिसत नाय."

मी रीडर खाली ठेवला. विचारावंसं वाटत नव्हतं, तरी विचारलं, "समोर खिडकीचे गज बघा. कसे दिसतात?"

त्यांनी बघितलं. "मधले दोन वाकलेत," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "नाय वाकले?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं.

रविवार असल्यानं डोळ्यांचे तीन दवाखाने बंद मिळाले. चौथ्याच्या बाकावर आम्ही बसलो. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे बाबांना धड काहीच दिसत नव्हतं आणि ते सारखे विचारत होते, "हे थेंबांमुळेच ना? उतरेल ना?" मी हो म्हणत होते. माझ्या मोठ्या काकांची नजर गेली होती, शेवटची वर्षं त्यांना हाताला धरून मोरीपर्यंत न्यावं लागायचं. बाबाच न्यायचे. ते आम्हा दोघांच्याही मनात होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पाणी झिरपतंय. किती दिवस झाले त्रास सुरू होऊन?"

"आजच लक्षात आलं," बाबा पटकन म्हणाले.

"दोन आठवडे तरी झाले," मी म्हटलं.

बाईंनी मान वर केली. "लवकर यायला हवं होतं. गेलं ते सगळं परत येईलच असं नाही. उरलंय ते वाचवू." डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागणार होतं, दुसऱ्याच दिवशी. ऐकताना बाबांनी माझं मनगट धरलं. लहानपणी मी त्यांचं धरायचे, तसंच घट्ट.

तीन इंजेक्शनांनंतर ओळी बऱ्याचशा सरळ झाल्या. मधोमध एक धुरकट ठिपका मात्र कायमचा राहिला. बाबा मान थोडी तिरकी करून त्याच्या कडेनं वाचतात. अक्षर खूप मोठं केल्यानं एका पानावर पाचच ओळी मावतात, पण वाचतात. मी चिडले होते त्याबद्दल मी माफी मागितली, तर म्हणाले, "मला पण यंत्रच बिघडलं असावं असं वाटत व्हतं. तसंच असावं, असं मला पायजे व्हतं."

डॉक्टरीणबाईंनी दिलेला चौकटींचा कागद फ्रिजवर लावलाय. रोज सकाळी त्यातल्या रेघा सरळ दिसतात का ते बघून बाबा मला फोन करतात. फोन यायला दहा मिनिटं उशीर झाला, की माझं कामात लक्ष लागत नाही. आणि हल्ली मीही आंघोळीला गेले की एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या फरश्यांच्या रेघा बघते. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.