सुतक नव्हे, सुत्केरी

मी जालना एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत आशा म्हणून काम करते. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक नेपाळी बोलणारं घर राहायला आलं. मुलगा सळ्यांच्या मिलच्या गेटवर वॉचमन, त्याची बायको दिवस भरत आलेली, आणि दोघांवर राज्य करणारी त्याची आई. आम्ही त्यांना सरसकट नेपाळी म्हणायचो. सुनेला मोडकं हिंदी यायचं. तिनंच एकदा सांगितलं की ते नेपाळचे नाहीतच. घर भूतानात होतं, तिथून हाकललं, सासूची कितीतरी वर्षं निर्वासितांच्या छावणीत गेली, आणि मग लेकाच्या मागं ती इथवर आली.

सून बाळंत व्हायच्या सुमाराला मी नेमकी अंबडला एका लग्नाला गेल्ते. परत आले तर अंगणवाडीची मदतनीस वाटेतच भेटली.

"ताई, त्या नेपाळ्यायच्या घरी जाऊ नका. सुतक हाय."

"अगं, कोण गेलं?"

"म्हातारी तर दारात उभी होती. तिनंच सांगितलं सुतक हाय म्हणून. मी उंबऱ्याला शिवले बी न्हाई."

म्हातारी दारात, लेक मला येताना रस्त्यात दिसलेला. मंग उरलं कोण? सूनच. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं केलं, भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि रडतच निघाले. म्हातारी दिसल्याबरोबर तिच्या गळ्यात पडून जो हंबरडा फोडला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. म्हातारी बिचारी गांगरली, पण माणुसकीची. कारण काही न कळताच माझी पाठ थोपटायला लागली. "नरोऊ, नानी, नरोऊ." रडू नको म्हणत असावी.

तेवढ्यात आतून बाळ रडलं. आणि मेलेली सून दारात येऊन मला म्हणाली, "दीदी, क्या हुआ? आपके घर कोई मर गया?"

त्यांच्या भाषेत नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला सुत्केरी म्हणतात. म्हातारीनं मदतनीसला आनंदाची बातमी दिली होती आणि ती बातमी आमच्याकडे सुतक होऊन पोचली होती. खरं कळल्यावर म्हातारी पोट धरून हसली. पिठलं मात्र तिनं बोटं चाटून खाल्लं. मला ती नानी म्हणत होती याचा राग मी मनात धरला होता, कारण सत्तरीच्या बाईनं पस्तिशीच्या बाईला आजी का म्हणावं? सुनेनं सांगितलं की त्यांच्यात नानी म्हणजे लेकरू. मंग तो राग पण गेला.

हसणं झाल्यावर आत पाहिलं तर माझा जीव दडपला. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं, वर पत्रे, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. खिडकी बंद, खोलीत धूर कोंडलेला, बाळाच्या अंगभर घामोळं. मी सुनेमार्फत सांगितलं, शेगडी काढा. म्हातारी म्हणाली, "चिसो." म्हणजे गारठा लागेल. मला हसायची सोय नव्हती, कारण माझ्या सासूनंही मला असंच शेकलं होतं. लोहाच्या गोळ्यांनी काळी शी होते, म्हणून त्याही म्हातारीनं डब्यात बंद करून ठेवल्या होत्या.

सून सांगायची, पण सुनेचं कोणती सासू ऐकते? म्हातारीला तिच्याच भाषेत कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. आमच्याकडे पत्रकं मराठीत आणि हिंदीत. मी मोबाइलवर शोधलं तर बाळंतिणीसाठी नेपाळीत एक पत्रक सापडलं. लिपी आपलीच. दुसऱ्या दिवशी म्हातारीसमोर बसून मी ते खड्या आवाजात वाचलं, अर्थ एका अक्षराचा कळत नव्हता. म्हातारी आधी भक्तिभावानं ऐकत होती. "हिउँमा हिँड्दा होस गर्नुहोस्" असं मी म्हणताच तिनं पदर तोंडात कोंबला. सून खालीच बसली.

"दीदी, इसमें लिखा है, बर्फ पे संभलके चलना."

ते पत्रक कुठल्यातरी थंड देशात नेलेल्या त्यांच्याच लोकांसाठी केलेलं होतं. पुढं जाड कोटाचाही सल्ला होता. मी पदरानं घाम पुसत होते.

त्या दिवशी आमचं ठरलं की पत्रक आपणच करायचं. मी सांगायचं, सुनेनं नेपाळीत फिरवायचं, आणि म्हातारीनं मोबाइलमध्ये बोलायचं. म्हातारीची एक अट होती, "ज्वानोको झोल" त्यात यायलाच पाहिजे. मी घाबरले, म्हटलं आता हे काय औषध? तिनं वाटी नाकाशी धरली. ओवा! आमच्याही बाळंतिणी हेच पितात. म्हटलं, "बिलकुल घाला." त्या बदल्यात शेगडी अंगणात गेली आणि खिडकी उघडली. स्वतःच्या तोंडून गोळ्यांचं महत्त्व सांगून झाल्यावर म्हातारीला डबा उघडणं भाग पडलं.

बोलताना मध्येच तिनं "लोग्नेले लुगा धुनुपर्छ" असं काहीतरी ठासून सांगितलं. मला लुगडं आणि धुणं एवढं ऐकू आलं. स्वच्छतेचं असेल म्हणून मी मान डोलावली. सून तेव्हा खिडकीबाहेर का बघत होती, हे मी विचारलं नाही.

ती क्लिप वस्तीतल्या सगळ्या नेपाळी बोलणाऱ्या घरांत फिरली. महिनाभरानं चौफुलीवरच्या चायनीजच्या गाडीवाल्यानं मला अडवलं. तोही नेपाळी बोलणारा, त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. हातात साबणाचा पुडा होता.

"मॅडम, एक बात पूछूं? सुत्केरीचे कपडे सव्वा महिना नवऱ्यानंच धुवायचे, हा सरकारी नियम आहे का? त्या क्लिपमध्ये त्या म्हाताऱ्या आमा बोलतात."

मी त्याच्याकडे बघितलं. मंग गळ्यातलं ओळखपत्र नीट सरळ केलं.

"बराबर ऐकलंय तुम्ही," मी म्हटलं. "आणि बाळाचे पण."